अजून १७ बिर्याण्या

मागच्या महिन्याच्या लेखात शेवटी एक ओळ टाकली होती, बोटीवर असणाऱ्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी मनाबिनाबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा म्हणून. वाटलं दोन-चार पत्रं येतील. आली ४० च्या वर, आणि त्यातली एक मेल तर पहाटे सव्वातीनची, खाली लिहिलंय "ब्रिजवरून", म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, बारा-चारच्या वॉचमध्ये, पाळीत, टाईप केलेली. बाळा, ती मेल मला मिळालीच नाही असं समज आणि आधी समोर बघ.

सगळ्यांना इथे पुरं पडणार नाही, चार घेतोय. नावं, जहाजं, कंपन्या काढून टाकल्यात, पत्रं थोडी छाटलीत. आणि नेहमीचं, मी डॉक्टर नाही. २७ वर्षं बोटीवर काढली, शेवटची ९ कॅप्टन म्हणून, आता मुलुंडला बाल्कनीत बसून पोरांचे फोन घेतो, एवढंच क्वालिफिकेशन.

प्रश्न: काका, मी २६ वर्षांचा, लालबागचा, बल्क कॅरियरवर थर्ड ऑफिसर. कॉन्ट्रॅक्ट ६ महिन्यांचा, ४ झालेत, पण रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस, नाही म्हणून ८ होतील असं ऐकतोय म्हणजे अजून ४ बाकी. युरोपातून खत घेऊन निघालो, लाल समुद्र नको म्हणून आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून आलो, आता १२ दिवस अँकरेजवर, बंदराबाहेर नांगर टाकून पडलोय, बर्थ नाही, म्हणजे धक्क्याला जागा नाही. गेल्या महिन्यात आजी गेली. चुलतभावाने व्हिडिओ कॉल लावला, तिच्या तोंडात तुळशीपत्र ठेवताना कॉल अडकला तो अडकलाच, मग माझी ८ ची वॉच होती, मी गेलो. तेव्हापासून रात्री १२ ला वॉच संपली की तीन-साडेतीनपर्यंत झोप नाही, चिडचिड होते, मैत्रिणीशी रोज भांडण. कॅप्टन माणूस चांगला आहे पण म्हणाले सी लाईफ आहे, मेंटली स्ट्राँग व्हायला लागतं. कसं व्हायचं ते कोणी सांगत नाही. मला प्रॅक्टिकल सांगा प्लीज, ध्यान करा, पॉझिटिव्ह राहा असलं नको.

उत्तर: बरं, पॉझिटिव्ह राहा म्हणणार नाही, तसलं लॅमिनेट केलेलं पोस्टर तुमच्या मेसमध्ये लावलेलं असेलच, त्यात एक गोरा माणूस दात काढून हसत असतो.

आधी आजीचं बोलू, कारण बाकीचं सगळं तिथेच अडकलंय असं मला वाटतं. तू वॉचला उभा राहिलास ते बरोबरच केलंस, दुसरा काही इलाजच नव्हता. पण घरी असतास तर काय झालं असतं बघ. तेरा दिवस माणसं आली असती, चहावर चहा झाला असता, ती कशी गेली हे तू पंचवीस जणांना पंचवीस वेळा सांगितलं असतंस, मग कुठल्यातरी मावशीने आजीने गणपतीच्या गर्दीत कोणाला तरी कसं झापलं होतं तो किस्सा काढला असता, सगळे हसले असते आणि हसता हसता कोणीतरी परत रडलं असतं. आपण तरणे असताना म्हणतो काय हे अवडंबर, पण दुःख पचायला जो वेळ लागतो तो त्या तेरा दिवसांत मिळतो. तुला काय मिळालं? चार तास वॉच आणि दुसऱ्या दिवशी लाईफबोटीचं मेंटेनन्स.

माझं सांगतो. १९९२ साल, मी पण थर्ड मेटच, म्हणजे थर्ड ऑफिसरच होतो, टँकरवर. तेव्हा नेट-बिट काही नव्हतं, तार यायची ती बॉम्बे रेडिओवरून मोर्समध्ये, आणि ती घ्यायला प्रत्येक बोटीवर रेडिओ ऑफिसर असायचा, त्याला सगळे मार्कोनी साब म्हणायचे. तो संध्याकाळी कागद घेऊन ब्रिजवर आला आणि कागद माझ्या हातात न देता चार्ट टेबलवर ठेवून उभा राहिला, तेव्हाच समजलं. वडील दोन दिवसांपूर्वी गेले होते. पुढचं पोर्ट ११ दिवसांवर. मी वॉच केली, दुसऱ्या दिवशी पण केली, सगळ्या बोटीवर नाव झालं, तीन साब, म्हणजे थर्ड मेट, काय स्ट्राँग आहे यार. मला पण जरा बरं वाटलं त्याचं, खोटं कशाला बोलू. आणि साधारण महिन्याने मेसमधल्या पोऱ्याने बिनसाखरेचा चहा आणला म्हणून मी तो कप भिंतीवर फेकून मारला. पोरगा १९ वर्षांचा, कपाच्या काचा वेचायला बसला खाली. माझे हात कापत होते.

त्या रात्री आमचा सारंग, म्हणजे बोसन, डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दापोलीकडचा म्हातारा, मला पूपवर, मागच्या डेकवर घेऊन गेला. मला वाटलं लेक्चर देणार. त्याने फक्त विचारलं, "वडील काय करायचे?" मी म्हटलं मिलमध्ये जॉबर होते. "कुठली पाळी?" आणि मी सुरू झालो ते दीड तास, त्यांची दुसरी पाळी, रात्री येताना आणायचे ती खारी, संपात घरी बसले तेव्हा कसे दिवसभर खिडकीत उभे असायचे, सगळं. तो हं हं करत बिडी ओढत होता. झोप त्या रात्री लागली मला, महिन्यातली पहिली.

तर पहिलं प्रॅक्टिकल हे. बोटीवर एक माणूस बघ, रँक बघू नकोस, बोसन चालेल, चीफ कुक चालेल, भाषा वेगळी असली तरी चालेल. त्याला "आय ॲम फीलिंग लो" वगैरे सांगू नकोस, त्याच्यावर कोणाला काय बोलायचं सुचत नाही, "डोंट वरी" म्हणतात आणि सटकतात. आजी कोण होती ते सांग. आणि चीफ कुकला सांगून ती करायची त्यातलं काहीतरी एकदा करून घे, शिरा काय, घावन काय, बिघडेल, तरी चालेल.

दुसरं झोप. नियम तुला पाठ असेल, परीक्षेला लिहिलाच असशील, २४ तासांत कमीत कमी १० तास विश्रांती, आठवड्याला ७७, जास्तीत जास्त दोन तुकडे आणि त्यातला एक तरी सलग ६ तासांचा. एमएलसी २००६, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि रेस्ट अवरची शीट कशी भरली जाते ते पण आपल्या दोघांना माहितीये, मी पण फ्लॉग केल्यात, म्हणजे खोट्या भरल्यात, सगळे करतात, महिन्याच्या शेवटी एका बैठकीत ३० दिवसांची विश्रांती घेऊन टाकतात. पण एक गोष्ट कर, शीट राहू दे, स्वतःच्या डायरीत दोन आठवडे खरे तास लिही. मी पैज मारून सांगतो सलग ६ तास तुला मिळतच नाहीयेत, कारण नियम मोडला म्हणून नाही, तर १२ ला वॉच संपल्यावर तू मॅगी करतोस, केबिनमध्ये आडवा होऊन फोन उघडतोस आणि तिथे मुंबईचे लोक काय काय करतायत ते बघत बसतोस. ७ ला परत उठायचंय. अँकरेजवर तर अजून वाईट, बाहेर दिवे दिसतात, माणसं दिसतात आणि उतरता येत नाही.

म्हणून फोन चार्जिंगला लावायचा तो बिछान्यापासून लांब, बाथरूमच्या दारापाशी वगैरे, अलार्मसाठी साधं घड्याळ घे. वॉचच्या शेवटच्या दोन तासांत कॉफी बंद. मॅगी खा, तिच्याशी माझं भांडण नाही. आणि पुढच्या व्हॉयेजला पूर्वेकडे जाणार असलास तर लक्षात ठेव, घड्याळ पुढे करतात तेव्हा तो तास कोणाच्यातरी झोपेतून जातो, दर अडीच-तीन दिवसांनी एक एक तास गेला की माणूस उगाचच रडकुंडीला येतो आणि त्याला वाटतं आपल्या आयुष्यातच काहीतरी बिघडलंय.

मैत्रिणीचं. आता २३ डिसेंबर २०२४ पासून एमएलसीची दुरुस्ती लागू आहे, मालकाने क्रूला होईल तेवढं नेट द्यायचं, चांगलीच गोष्ट आहे, मी घरचं पत्र पाच पाच वेळा वाचायचो त्याची मला काही हौस नव्हती. पण आमच्या वेळी घरचं भांडण आमच्यापर्यंत येईस्तोवर मिटलेलं असायचं. तुझ्याकडे ते लाईव्ह येतं आणि अर्ध्यात सिग्नल जातो, मग "सीन करून रिप्लाय नाही" यावर पुढचे चार तास ब्रिजवर डोकं फिरतं. तुम्ही दोघांनी एकच ठरवा, टाईप करून भांडायचं नाही. भांडण असेल तर कॉलवर, आणि कॉल आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी, बाकी दिवस व्हॉइस नोट. तिला सांग बाजारात जातानाची, लोकलमधली, कसलीही दोन मिनिटांची नोट टाक. आवाज मागे दादर स्टेशनचा आला तरी बरं वाटतं.

आणि जेवायला मेसमध्ये बस. ताट उचलून केबिनमध्ये नेतोयस ना? नेतोसच. हल्ली सगळे नेतात, स्मोक रूममध्ये, गप्पा मारत बसायच्या खोलीत, कुत्रं नसतं. आमच्याकडे कॅरम असायचा, जहाज हललं की सोंगट्या आपोआप पॉकेटात, त्यावरून मारामारी, नुसती चंगळ. तू २० मिनिटं बस फक्त. कोणी बोलायला नाही आलं तरी बस.

आता कॅप्टनचं "स्ट्राँग". तू पोर्टमध्ये वॉचला असताना मूरिंग लाईन्स बघत फिरतोस. कार्गो निघत जातो तसं जहाज वर येतं, वर भरतीची वेळ असेल तर अजूनच, आणि दोर गिटारच्या तारेसारखा ताणतो. तेव्हा तू काय करतोस, दोराला म्हणतोस का की स्ट्राँग हो? ढील देतोस. नाही दिली तर तो तुटतो आणि तुटताना मागे उभ्या माणसाला घेऊन जातो, स्नॅप-बॅक झोन काय असतो ते मी तुला सांगायला नको. माझा दोर त्या चहाच्या कपावर तुटला आणि लागला त्या पोराला.

रिलिव्हरचं मात्र स्पष्ट बोल. कॉन्ट्रॅक्टमध्ये प्लस-मायनस एक महिना असेल तर ७ पर्यंत तू सही केलेलीच आहेस, पण त्याच्यापुढे वाढवायचा तर तुझी संमती लागते, आणि मुदत संपली की घरी पाठवायचा खर्च मालकाचा. हे भांडून नाही, साध्या मेलवर विचार, माझी साईन ऑफची, म्हणजे बोटीवरून उतरायची, अंदाजे तारीख आणि पोर्ट काय. माणसाला ८ महिने झेपतात, "बघू" झेपत नाही. २०२० मध्ये ४ लाखांच्या आसपास खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपूनसुद्धा बोटींवर अडकले होते, त्यातल्या बऱ्याच जणांशी मी तेव्हा बोलायचो, कामाची तक्रार कोणी करत नव्हतं, तारीख नाही याची करत होते.

आणि दिवस मोजू नकोस. १२० हा आकडा भिंतीसारखा दिसतो. रविवारच्या बिर्याण्या मोज. ४ महिने म्हणजे १७. त्यातल्या तीनचार चीफ कुक बिघडवणारच.

एक सिरियस. हे सगळं करूनही अजून दोन आठवड्यांत झोप नाही आली, जेवण जाईना, कशातच काही वाटेना, किंवा रेलिंगपाशी उभं राहून नको ते मनात आलं तर त्या क्षणी कोणाचंही दार वाजव. रात्री तीन वाजता उठवलं म्हणून बोटीवर कोणी रागावत नाही, आम्ही आयुष्यभर एकमेकांना रात्री तीनलाच उठवत आलोय. कॅप्टनला सांग आणि डॉक्टरचा सल्ला माग. रोमला सीआयआरएम म्हणून केंद्र आहे, १९३५ पासून समुद्रावरच्या लोकांना फुकट वैद्यकीय सल्ला देतंय, पहिला अध्यक्ष खुद्द रेडिओवाला मार्कोनी. पोटात दुखलं तर कॅप्टन असा सल्ला घेतोच, मग झोपेसाठी का नाही. इस्वान या संस्थेची सीफेररहेल्प आहे, २४ तास, फुकट, फोनवर नाहीतर चॅटवर. कॅप्टनशी बोलवत नसेल तर नोटीस बोर्डावर डीपीएचा, म्हणजे कंपनीने किनाऱ्यावर नेमलेल्या जबाबदार माणसाचा, नंबर असतो, तो ऑडिटला दाखवायला नसतो लावलेला. रिपोर्टमध्ये नाव आलं तर पुढची बोट मिळणार नाही ही भीती तुला असणार, ती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण मी कॅप्टन असताना दोन पोरांना मधूनच घरी पाठवलं आणि दोघेही परत आले, एक तर आज चीफ इंजिनियर आहे.

प्रश्न: मी ठाण्याची, डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ ऑफिसर, पहिलीच बोट, २२ जणांत मी एकटी मुलगी. एक सिनियर ऑफिसर सतत कॉमेंट करतो, कपड्यांवरून, रात्री केबिनच्या फोनवर कॉल करून "झोपलीस का" विचारतो. दोघातिघांना सांगितलं तर म्हणाले शिपवर असंच असतं, थोडी जाड कातडी कर. मला कळत नाहीये मी कमी पडतेय का.

उत्तर: नाही. हा प्रश्न तुझ्या कातडीचा नाहीच आहे, त्याच्या वागण्याचा आहे, त्यामुळे मन कसं घट्ट करायचं याचा एकही सल्ला मी तुला देणार नाही.

एक वही कर. तारीख, वेळ, कुठे, काय शब्द वापरले ते त्याच्याच शब्दांत, कोण हजर होतं. रात्रीच्या कॉलची वेळ लिही. वही केबिनमध्ये ठेवू नकोस नुसती, रोज फोटो काढून घरी कोणाला तरी पाठव. दार रात्री आतून लॉक, आणि "जरा केबिनमध्ये ये, पेपर सही करायचेत" याला उत्तर, "सर, शिप्स ऑफिसमध्ये आणते". तोंड गोड ठेवून सांगितलंस तरी चालेल, पण गेलीस नाही म्हणजे झालं.

मग तक्रार. एमएलसीप्रमाणे प्रत्येक बोटीवर तक्रारीची पद्धत लेखी असावीच लागते आणि तिची कॉपी तुला जॉईन होताना मिळायला हवी, नसेल मिळाली तर माग. सोबत कोणाला तरी घेऊन जायचा तुला हक्क आहे, थेट कॅप्टनकडे जायचा आहे आणि बोटीबाहेर जायचा पण आहे, आणि तक्रार केली म्हणून त्रास देणं हे नियमाने बंद आहे. ट्रेनिंग रेकॉर्ड बुकवर सही कोण करणार ही तुझी खरी धाकधूक असेल, ओळखतो मी, म्हणून तक्रारीत ते पण लिही की सही अडवली जाईल अशी भीती वाटते, म्हणजे उद्या अडवली तर आधीच कागदावर आहे. डीपीएला मेल कर, कॉपी तुझ्या इन्स्टिट्यूटला.

हा विषय आता इतका उघड झालाय की १ जानेवारी २०२६ पासून एसटीसीडब्ल्यूच्या, म्हणजे खलाशांच्या ट्रेनिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या, बेसिक ट्रेनिंगमध्येच, तो पीएसएसआर म्हणून सुरक्षा आणि बोटीवरच्या वागणुकीचा कोर्स असतो त्यात, छळ आणि लैंगिक छळ रोखणं हा भाग घातलाय. "असंच असतं" म्हणणाऱ्यांनी तो कोर्स परत करावा. मी स्वतः माझ्या पहिल्या काही वर्षांत असली वाक्यं ऐकून गप्प बसलोय, तेव्हा बोटीवर मुली नव्हत्या पण कोवळी पोरं होती, आणि त्यांना पण आम्ही जाड कातडीच सांगायचो. लाज वाटते आता. मला लिहीत राहा, आठवड्याला एक ओळ तरी.

प्रश्न: मी डोंबिवलीला राहते, मिस्टर बोटीवर मोटरमन आहेत. ९ महिन्यांनी येतात, आम्ही सगळे इतकी वाट बघतो आणि आले की पंधरा दिवसांत घरात कुरबुर. पहाटे साडेतीनला उठून बसतात. बोलत नाहीत, नाहीतर एकदम ओरडतात, चाव्या इथून का हलवल्या, मुलीला क्लास कोणी लावला. मुलगी ७ वर्षांची, ती विचारते बाबा परत कधी जाणार. ते ऐकून ते रडले. मला तर वाटतं मीच वेडी होईन.

उत्तर: ताई, इथल्या लोकांना मोटरमन म्हटलं की लोकलवाला वाटतो, म्हणून आधी बाकीच्यांना सांगतो, बोटीवरचा मोटरमन इंजिन रूममध्ये असतो, आणि साडेतीनला उठतायत म्हणजे त्यांची चार-आठची वॉच असणार. शरीर अजून बोटीवरच आहे त्यांचं. ते दहा-पंधरा दिवसांत जातं, उठू दे, चहा करून घेऊ दे, तुम्ही उठू नका सोबत.

शांततेचं पण तसंच आहे. नऊ महिने एक घरघर अखंड कानात असते, झोपेत पण, आणि ती थांबली तर त्याचा अर्थ ब्लॅकआऊट, सगळ्या बोटीची वीज गेली, म्हणजे उठून पळायचं. मी घरी आल्यावर रात्री सोसायटीचा पाण्याचा पंप बंद झाला की ताडकन उठून बसायचो आणि चप्पल शोधायचो. बायको म्हणायची, अहो टाकी भरली, झोपा. तेव्हा पंखा बंद केल्यावर दचकले तर हसू नका, किंवा हसा, पण दोघं मिळून.

खरी गोम पुढे आहे. बोटीवर नवा माणूस आला की जुना त्याला हँडओव्हर देतो, लेखी, कुठला पंप गळतोय, कुठला व्हॉल्व्ह कडक आहे, काय चालू आहे, काय पेंडिंग आहे. त्याशिवाय कोणी चार्ज घेत नाही. तुमचे मिस्टर घरी येतात ते हँडओव्हरशिवाय, आणि थेट जुना चार्ज घ्यायला बघतात, नऊ महिन्यांपूर्वीचा. आणि इकडे नऊ महिने कॅप्टन कोण होतं? तुम्ही. गॅस, शाळा, सासूबाईंचं बीपी, सोसायटीची भांडणं, सगळं तुम्ही चालवलंत, आता एकदम एक माणूस येऊन चाव्यांचा खिळा बदलतो म्हटल्यावर डोकं फिरणारच.

यावेळी ते यायच्या आठवडाभर आधी खरंच वही घेऊन हँडओव्हर लिहा. क्लास कुठला, फी किती, का लावला. मुलगी आता अंधारात झोपते, लाईट लावू नका. चाव्या फ्रीजवर. कोणाशी सध्या बोलत नाही आहोत आणि का. गमतीत लिहा पण सगळं लिहा, आणि आल्यावर पहिले दहा दिवस चार्ज तुमचाच, ते फक्त सोबत फिरतील, बोटीवर पण तसंच करतात. अकराव्या दिवशी एक काम पूर्ण त्यांचं, म्हणजे मुलीला शाळेत सोडणं म्हणा, आणि त्यात मग तुम्ही बोलायचं नाही, उशीर झाला तरी.

मुलीच्या प्रश्नावर ते रडले हे वाईट नाही झालं. तिला उत्तर द्या मात्र, कॅलेंडरवर खूण करून द्या, या तारखेच्या आसपास जाणार आहे, तोवर इथे आहे. तिला पण "बघू" झेपत नाहीये.

त्यांचं पिणं वाढलं असेल, तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारतो, किंवा महिना झाला तरी ते खोलीतच बसून असतील, तर टेली-मानसला फोन करा, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि तो फोन तुम्ही स्वतःसाठी केलात तरी चालतो. पत्राचं शेवटचं वाक्य तुमचं स्वतःबद्दल होतं, ते मी वाचलंय.

प्रश्न: साहेब, मुलगा बारावी झाला, मर्चंट नेव्ही म्हणतोय. हळवा आहे, कुत्रं मेलं तर दोन दिवस जेवला नाही. त्याला झेपेल का? एक एजंट ३ लाखांत कोर्सशिवाय डायरेक्ट बोट देतो म्हणतोय. आम्ही परळला राहतो, मूळ गुहागरचे.

उत्तर: वहिनी, एजंटचं आधी. पैसे देऊ नका. नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेणंच बेकायदा आहे, आणि कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं सरकारी लायसन्स आहे का ते डीजी शिपिंगच्या, सरकारच्या जहाज खात्याच्या, वेबसाईटवर बघता येतं, ऑफिस पण काही लांब नाही, कांजूरमार्गला आहे. बेसिक कोर्स आणि सीडीसीशिवाय, म्हणजे खलाशाच्या सरकारी ओळखपुस्तकाशिवाय, बोटीवर चढवणारा माणूस तुमच्या मुलाला कुठल्या बोटीवर सोडेल याचा भरवसा नाही, आणि तिथून परत कसं आणायचं हे तो एजंट सांगणार नाही, फोनच उचलणार नाही. असली पोरं परदेशी बंदरात पगाराशिवाय अडकून पडल्याचे फोन मला येतात, वर्षातून दोन-तीन तरी.

हळवेपणाचं टेन्शन घेऊ नका. मी १९८४ ला ट्रेनिंगला गेलो तेव्हा आम्ही राजेंद्र या ट्रेनिंगच्या जहाजावर होतो, आधी डफरिन होती १९२७ पासून, मग १९७२ ला राजेंद्र आली, आता नेरूळला चाणक्य आहे ती जमिनीवर. राजेंद्र मुंबई बंदरातच उभी असायची. पहिल्या रात्री डेकवरून शहराचे दिवे दिसत होते, घर गिरगावात, म्हणजे किनाऱ्यावरून टॅक्सीने पंधरा मिनिटं, आणि जाता येत नव्हतं. आमच्यातले अर्धे रडले. न रडलेल्यांपैकी दोघं पहिल्याच वर्षी सोडून गेले.

मी तुमच्या जागी असतो तर वेगळ्याच गोष्टी बघितल्या असत्या. स्वतःचे कपडे धुतो का, न आवडती भाजी ताटात आली तर काय करतो, चिडलाय किंवा घाबरलाय हे तोंडाने सांगतो का आत ठेवतो. कुत्र्यासाठी दोन दिवस जेवला नाही, बरं, तिसऱ्या दिवशी जेवला ना? मग झालं. तो दोन दिवस कोणाशी बोलत होता का, तेवढं मात्र आठवून बघा.

आणि गेलाच तर पहिल्या महिन्यात फोनवर रडेल. तेव्हा लगेच "ये परत" म्हणू नका, "मुलगा असून रडतोस" तर बिलकूल म्हणू नका. काय जेवलास ते विचारा, भात कसा होता, कोणाबरोबर बसला होतास, आणि नेट तुटेपर्यंत ऐकत राहा.